एरिनाबाईंची चटई

एरिनाबाई मुख्याध्यापिका झाल्या त्याच वर्षी त्यांनी शाळेतलं गुडघे टेकणं बंद केलं. युगांडातल्या मसाका रस्त्यावरच्या टेकडीवरची ती मुलींची निवासी शाळा. मोठं माणूस दिसलं की मुलीनं जमिनीवर गुडघे टेकून खुशाली विचारायची, ही बुगांडाची जुनी रीत. एरिनाबाई स्वतः लहानपणी खडीच्या रस्त्यावर पाण्याची घागर सांभाळत अशा टेकल्या होत्या, त्याचे व्रण अजून गुडघ्यांवर आहेत. पहिल्याच सभेत त्यांनी सांगून टाकलं, "वाकलेल्या पोरीचा आवाज जमिनीत जातो. माझ्या शाळेत उभं राहून बोलायचं, डोळ्यांत बघून." पालक कुरकुरले, पाद्रीबाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. बाई ढिम्म हलल्या नाहीत.

बाई कामाला वाघ. मुख्याध्यापिकेचं काम खुर्चीनं होत नाही, चपलांनी होतं, असं त्यांचं मत, आणि खरोखर दर वर्षी त्या चपलांचा एक जोड झिजवत. कुठल्या मुलीचा बाप दारू पितो, कुणाला गणिताची धास्ती आहे, कोण घरच्या आठवणीनं जेवत नाही, सगळं त्यांना ठाऊक. मग त्यांची स्वतःची मुलगी नाबोसा त्याच शाळेत आली. पहिल्या दिवशी बाईंनी तिला बजावलं, "फाटकाच्या आत मी तुझी आई नाही. मॅडम म्हणायचं. काही हवं असलं तर बाकीच्या मुलींसारखं वर्गशिक्षिकेमार्फत यायचं."

पोरगी शहाणी. तिनं ऐकलं. इतकं ऐकलं, की सुट्टीत घरी जेवतानासुद्धा म्हणायची, "मॅडम, मीठ द्या." तिचा बाप मुवांगा खो खो हसायचा. बाईही हसायच्या, पण अर्धंच.

नाबोसा चौथीला, म्हणजे तिथल्या शालान्त परीक्षेच्या वर्गात गेली, त्या वर्षीचा शेवटचा भेटीचा रविवार. अख्खं मैदान चटयांनी भरलेलं. आया भल्या पहाटे उठून केळीच्या पानात कोंबडी वाफवून आणतात, त्या लुवोंबोचा वास सगळीकडे. बाई नेहमीसारख्या चटई-चटईपाशी उभ्या राहून पालकांशी बोलत फिरत होत्या. फणसाखाली आल्या आणि थबकल्या.

फेडेरेसी बसली होती. मुवांगाची थोरली बहीण, नाबोसाची आत्या. कंपालात तिचं गोमेसी, म्हणजे तिथल्या बायकांचा पायघोळ पोशाख, शिवायचं दुकान. अंगावरच्या गोमेसीचे टोकदार खांदे तिच्या नाकाइतकेच वर. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपण म्हणतो. बुगांडात मिशांसाठी कुणी थांबत नाही. भाचीला वळण लावायचं, संसाराच्या गोष्टी सांगायच्या, हा हक्क आत्याचा. आईनं तोंड मिटून बघायचं.

आणि तिच्यापुढे नाबोसा गुडघे टेकून बसली होती. ओठ हसत होते, मान लाडानं वाकडी.

"या या, मॅडम!" आत्या ओरडली. "उभ्याच? का सरकारनं गुडघे जमा करून घेतले?"

आजूबाजूच्या चटया हसल्या. नणंदेपुढे वहिनीनंही टेकायचं असतं, हे तिथे बारक्या पोरालाही माहीत.

"वन्सं, शाळेत आम्ही टेकत नाही."

"शाळा तुमची असेल हो. ही चटई माझी आहे!" आत्यानं मांडीचा तुकडा भाचीच्या हातात दिला. "बरं, परीक्षा झाली की पोरगी माझ्याकडे. पुढचं शिक्षण कंपालात, वसतिगृहात; सुट्टी पडली की माझ्या घरी. ठरलंय आमचं."

"कुणी ठरवलं?"

"मीच," नाबोसा म्हणाली. "आत्यानं विचारलं, मी हो म्हटलं."

"आणि मला कधी सांगणार होतीस?"

"वर्गशिक्षिकांना सांगितलंय, मॅडम. त्या तुम्हाला भेटणार होत्या."

टोमणा असता तर बाईंनी परतवला असता. टोमणा नव्हता. पोरीनं नियम पाळला होता. बाई पुढच्या चटईकडे वळल्या आणि ज्या बाईला त्या गेली चार वर्षं ओळखत होत्या, तिला भलत्याच नावानं हाक मारून बसल्या.

घरी त्यांनी मुवांगाला धारेवर धरलं. "तुझ्या बहिणीला स्वतःच्या मुली नाहीत का?"

"आहेत ना. पण त्या आपापल्या आत्यांच्या," तो शेंगदाणे सोलत म्हणाला. "आणि एरिना, तूच पालकांना सांगतेस ना? पोरींना कडेवरून उतरवा, लांब पाठवा."

"त्या दुसऱ्यांच्या पोरी!"

बोलून झालं आणि त्यांनाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. शेंगदाण्यांचं ताट उचलून त्या आत गेल्या.

अडवणं त्यांना अवघड नव्हतं. एक शब्द टाकला असता तर मुवांगानं मान डोलावली असती. परीक्षा झाली, नाबोसा सामान बांधायला लागली, तेव्हा तो शब्द जिभेवर घेऊन बाई दारात उभ्या राहिल्या. निघालं मात्र दुसरंच.

"आत्यापुढे बरी वाकतेस. माझ्यापुढे कधी वाकलीस?"

नाबोसा चकित झाली. "तुम्हीच म्हणालात, वाकायचं नाही."

"मग तिच्यापुढे का?"

"तिच्यापुढे..." पोरीनं हातातले कपडे पेटीत ठेवले. उभं राहून, डोळ्यांत बघून, अगदी शिकवल्याप्रमाणे तिनं उत्तर दिलं. "मी टेकले की ती हात धरून चटईवर ओढते. मग उठूच देत नाही. तुम्ही कधी बसतच नाही, मॅडम."

बाईंनी जिभेवरचा शब्द गिळला. "लोकरीचा स्वेटर घे," एवढं म्हणाल्या, आणि पोरगी गेली.

मत्सर गेला म्हणाल, तर मुळीच नाही. आत्याचा फोन आला की त्या मुवांगाच्या खांद्याला कान लावून ऐकत. "पोरगी माझ्या हातचं किती आवडीनं खाते!" असं कानावर पडलं की त्या दिवशी शिक्षकांची खैर नसे.

नव्या शाळेचा भेटीचा रविवार नेमका यांच्याच शाळेच्या रविवारी आला. बाईंनी आजवर तो दिवस कधी चुकवला नव्हता. उपमुख्याध्यापक लुयिंबाझी घाबरले. "मॅडम, पालक विचारतील, तुम्ही कुठे?"

"सांगा, मॅडम पालक झाल्यात."

नवी चटई घेतली. कोंबडी स्वतः पानात बांधली. पहिलं पान फाटलं, दुसरं शिजताना सुटलं, तिसरं जमलं. कंपालाच्या त्या शाळेचं फाटक उघडायच्या आधीच बाई बाहेर हजर. पहारेकरी म्हणाला, "मावशी, अजून मुली उठल्या नाहीत." आत सोडल्याबरोबर त्यांनी सगळ्यांत दाट सावलीचं झाड गाठलं, चटई पसरली, आणि बसायला म्हणून दुखरे गुडघे आधी जमिनीला टेकवले. बाईमाणसाला खाली बसायचा दुसरा मार्ग तिथे नाहीच.

नाबोसा आली. आईला अशी जमिनीवर बघून गडबडली, ताठ उभी राहिली. "मॅड—"

बाईंनी हात धरला आणि खस्सकन ओढली. पोरगी धपकन चटईवर पडली, स्वेटरसकट, आणि हसत सुटली. पानाची गाठ सोडेपर्यंत तिनं आईच्या मांडीवर कोपर टेकलेलं होतं. मीठ कमी होतं. "आई, मीठ आणलंयस?" तिनं विचारलं. बाई पिशवीत मीठ शोधत राहिल्या, बराच वेळ, कारण डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून गोमेसीचे खांदे आले; मागून डोक्यावर टोपली घेतलेली दुकानातली बाई. आत्यानं झाड पाहिलं, चटई पाहिली, आणि कंबरेवर हात ठेवले.

"अगं बाई, वहिनी! तुम्ही कोंबडं आरवायच्या आधी निघालात, का त्यालाच पानात बांधून आणलंत?"

"या, वन्सं, बसा," एरिनाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "चटई माझी आहे."

आणि त्यांनी कडेची जागा दाखवली. ऊन होतं तिथली.