शिक्रा उडेपर्यंत

देविका दर रविवारी पहिली बस धरून बरुआसागरला जाई आणि गळ्यात दुर्बीण अडकवून तलावाकाठच्या रानवाटेने हिंडे. आठवडाभर झाशीत विमा कार्यालयाचं टेबल, घरी आईचं आजारपण आणि वडिलांचं, अण्णांचं, पथ्य. मोकळा श्वास काय तो त्या वाटेवर. बिनलग्नाची चाळिशीतली मुलगी म्हणजे घरचा खुंटा, ज्याने त्याने आपलं दावं त्यालाच बांधावं. कच्छातल्या एका पक्षी-शिबिरात मार्गदर्शकाची नोकरी चालून आली, तेव्हा एकटी आईच म्हणाली, "जा गं बाई." महिना उलटायच्या आत आई गेली.

दहावा त्याच तलावाकाठी झाला. धाकट्या भावाने, निशांतने, पिंड ठेवले आणि सगळे मागे सरले. कावळा शिवला की आई सुटली. नाही शिवला तर तिची काही इच्छा राहिली, असं मानायचं. कावळे झाडांत नुसता गलका करत होते, खाली एकही उतरेना. निशांतने मुलाची मुंज यंदाच करायचं कबूल केलं. तरी नाहीच.

रघुनाथमामांनी देविकाकडे मोर्चा वळवला. "तुझ्या आईचा जीव अण्णांत अडकलाय. सांग तिला, कच्छला जाणार नाही म्हणून."

"मामा, त्या अर्जुनाच्या फांदीवर शिक्रा बसलाय, शिकारी पक्षी आहे. कावळे त्याच्यामागे लागलेत. तो उडाला की येतील."

"जिज्जी, यहाँ भी चिड़िया?" निशांत करवादला.

"आईनेच मला जा म्हटलं होतं."

"मग कावळा का येत नाही?" मामा म्हणाले.

देविकाने मागे वळून पाहिलं. अण्णा उन्हात उकिडवे बसले होते, ओठ सुकलेले, आणि तिच्याकडेच बघत होते. तिला त्यांचा राग आला, मामांचा आला, त्या ढिम्म शिक्र्याचाही आला. मग अण्णांची दया आली, आणि तिथेच ती फसली.

"आई, मी अण्णांना सोडून जाणार नाही."

वाक्य संपतं न संपतं तोच शिक्रा उडाला आणि पाण्यावरून पलीकडे गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसंच ते. पण सांगायचं कुणाला? थोड्याच वेळात कावळा पिंडावर उतरला.

"बघ," अण्णा रडत म्हणाले, "तिची हीच इच्छा होती."

सगळ्यांनी हात जोडले. देविका पलीकडच्या काठाकडे बघत होती. मामांनी कोपराने ढोसलं, तेव्हा तिनेही जोडले.