उलटा केलेला चार्ट

लालबागला मसाला कांडून घ्यायला नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या काकू मोबाइलवर शेअरचा चार्ट बघत होत्या. त्या लाल-हिरव्या कॅन्डल, म्हणजे भावाच्या उभ्या पट्ट्या, मीही नुकत्याच शिकायला घेतल्या होत्या. दिवसअखेर भाव चढला तर हिरवी, उतरला तर लाल, एवढं कळायचं. पुढचं सगळं डोक्यावरून जायचं. काकू मात्र मधूनच अ‍ॅपमधलं बटण दाबून चार्ट वरचा खाली असा उलटा करून मान हलवायच्या.

"काकू, उलटा का करता?"

"चढता चार्ट उलटा केला की उतरता दिसतो. तरीपण शेअर घ्यावासाच वाटला, तर समजायचं, आपण चार्ट बघतच नाय. आपलं आधीच ठरलंय."

मिरचीच्या ठसक्यानं खोकत मीही माझ्या मोबाइलवरचा चार्ट उलटा केला.

शेअर घ्यावासाच वाटला. परत सुलटा केला. तरी वाटला.