छोट्या लाईनचे मामा

माझ्या मामांना बसलेलं पाहिलं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस सबंध रायपुरात सापडला नसता. बुढापारा मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी खुर्च्या होत्या, पण त्यांवर ते फक्त टोपी ठेवत. एकदा तर न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना धमतरीला जाणाऱ्या छोट्या, म्हणजे नॅरोगेज गाडीची शिट्टी ऐकू आली. मामा तडक पळाले आणि एका गालाला साबण, अशा थाटात लेकीच्या सासरी हजर झाले. व्याही बिचारे दारातच गार पडले.

ही लेक, म्हणजे आमची ताई, मामांनी मुद्दाम त्याच लाईनवर दिली होती. स्थळ आलं की पगार, पत्रिका सगळं मागाहून. पहिला प्रश्न, "स्टेशनाहून घर किती दूर आहे?" पुण्याचं एक चांगलं नोकरीवालं स्थळ त्यांनी "तिथं छोटी लाईन जाते काय?" एवढ्यावर परत पाठवलं. मामी कपाळाला हात लावून बसल्या. शेवटी ताई दोन स्टेशनं पलीकडच्या गावात पडली आणि मामा दर रविवारी तिच्याकडे जाऊ लागले. जाणं म्हणजे काय, तर चपला न काढता "बरी आहे ना?" विचारायचं, चहा बशीत ओतायचा, अर्धा तसाच ठेवायचा आणि "चलतो, गाडी सुटते" म्हणून निघायचं. "बाबा भेटाले येते का हजेरी लावाले?" ताई चिडून म्हणायची.

पुढे रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, वाढत गेलं आणि त्या वाढण्यात छोटी गाडी बंद पडली. रूळ उखडले. शहराबाहेर त्या पट्ट्यावर फरशा आल्या, बाकडी आली, बोगनवेल आली, आणि लोक बूट घालून हवा खायला येऊ लागले. ताईच्या गावाला बस होती. पण मामांचं उत्तर ठरलेलं, "बसनं गेलं तं माणूस पाहुणा होते. लाईनीनं गेला तं बाप." तेव्हा लाईनीवरूनच, पायी, लेकीचं घर गाठायचं त्यांनी मनावर घेतलं. गुडघे कुरकुरत, डॉक्टर रागावत. दर रविवारी मामा मला ओढत न्यायचे आणि पळणाऱ्या पोरांनाही मागे टाकायचे. "काहून रेंगाळून राहिला? वरातीत आला काय?" हे मला.

पण ती वाट ताईच्या गावाच्या अलीकडेच संपते. पुढे तारेचं कुंपण, त्यापलीकडे बेशरमाची झुडपं. मामा तार धरून उभे राहायचे. "उघडतीन पुढच्या महिन्यात," म्हणायचे आणि वळायचे. महिने गेले, तार तशीच राहिली. परतताना त्यांचा पाय जड पडायचा, ते मला बघवत नसे.

शेवटी मीच ताईला फोन केला. पुढच्या रविवारी पोचलो, तर ती झुडपांतून वाट काढून थर्मास घेऊन तारेपलीकडे उभी. "बाबा, आता बसा बरं खाली," ती म्हणाली. आणि मामा बसले! चक्क मातीत, मांडी घालून. तारेतून आलेला चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि पेला पुन्हा पुढे केला. मग तिच्याकडे पाहत राहिले. "केस पिकले तुये," एवढंच म्हणाले.

ऊन चढलं तशी ताई उठली. "चलते बाबा, घरी सैपाक व्हायचा आहे."

मामांनी तारेतून हात घालून तिचा पदर धरला. "बस ना पोरी," ते म्हणाले, "गाडीले टाइम आहे."