माईंना काहीही चालायचं

माझ्या सासूबाईंना, म्हणजे माईंना, काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं. चालेल. चहा करू की कॉफी? काहीही चालेल. भात लावू की पोळ्या करू? काहीही. खिडकीपाशी बसता की आत? कुठेही. रविवारीच पुढच्या आठवड्याचा स्वयंपाक ठरवून फ्रीजवर चिकटवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला यापेक्षा निरुपयोगी उत्तर दुसरं नाही. मला त्याचा संताप यायचा. अजून येतो, फक्त आता तो माईंवर येत नाही.

सासरे गेल्यापासून त्या दर उन्हाळ्यात ठाण्याहून आमच्याकडे इंग्लंडला, लंडनजवळच्या स्लाऊला यायच्या आणि व्हिसा संपायच्या आत परत जायच्या. वेम्बलीला भाजी आणायला नेलं की एकेक भेंडी टोक मोडून बघायच्या. दुकानदार कुरकुरला तरी हात थांबायचा नाही. म्हणजे चांगलं-वाईट त्यांना बरोबर कळत होतं. पण तुम्हाला काय आवडतं, असं विचारलं की उलट प्रश्न यायचा, "नितीनला काय आवडतं?" नितीन म्हणजे माझा नवरा, त्यांचा धाकटा मुलगा. त्याला काय आवडतं हे मला पाठ होतं. माईंचं कुणालाच नव्हतं.

दुसरी सवय थांबण्याची. विंडसरचा किल्ला आमच्या घराजवळ, त्यामुळे पाहुणे आले की तिथे जाणं ठरलेलं. माई दर वर्षी आल्या आणि दर वर्षी बाहेरच्या बाकावर आमचे कोट मांडीवर घेऊन बसल्या. "मी थांबते, तुम्ही जाऊन या. सामानाजवळ कुणीतरी हवं ना." आम्ही बाहेर येईपर्यंत शेजारच्या गोऱ्या आजीशी त्यांची मैत्री झालेली असायची. इंग्रजीची बोंब होती, पण त्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं आणि तिची सून कशी आहे हे सगळं माईंना समजलेलं असायचं. मी चिडून म्हणायचे, "माई, तिकीट काढलंय तुमचं." त्या म्हणायच्या, "अगं, मी बघितला की. बाहेरून छान दिसतो."

या सगळ्याला घरात कौतुकाने एक नाव होतं. आमची आई साधी आहे, तिला काहीही चालतं. हे वाक्य नितीन म्हणायचा आणि शिरीष भाऊजी, माझे मोठे दीर, जास्तच ठसक्यात म्हणायचे. भाऊजी नोकरीनिमित्त जपानमध्ये, ओसाकाला असतात. दोघा भावांनी ठाण्याचा फ्लॅट विकायचा आणि माईंना पुण्याजवळच्या एका ज्येष्ठांच्या वसाहतीत ठेवायचं असं फोनवर ठरवलं. खोली बुकही करून टाकली. माईंना हे माहीत नव्हतं. त्या उन्हाळ्यात आम्ही त्यांना घेऊन ओसाकाला निघालो तेव्हा त्यांना वाटलं, मोठ्याकडे चार दिवस राहायला चाललोय. मला विमानात बसल्यावर कळलं. मी नितीनला म्हटलं की हे आधी त्यांना विचारायला हवं होतं. तो म्हणाला, "हा आम्हा मायलेकरांचा प्रश्न आहे. आणि तू आईला ओळखतेसच. तिला काहीही चालतं."

ओसाका फिरायचा दिवस मी आखला होता. आधी किल्ला, मग कालव्याकाठचा बाजार, तिथेच जेवण. किल्ल्यापाशी पोचताच माई बाक शोधायला लागल्या. मी सगळ्या पिशव्या आणि छत्र्या गोळा केल्या, लॉकरमध्ये टाकल्या आणि किल्ली खिशात घातली. सांभाळायला सामानच उरलं नाही. भाऊजी म्हणाले, आई दमेल. मी म्हटलं, लिफ्ट आहे, बघून ठेवलंय. वर गच्चीवर जोराचा वारा होता. आम्ही सगळे फोटो काढून कंटाळलो तरी माई कठड्याला धरून शहर बघत उभ्या होत्या. नितीनने दोनदा बोलावलं. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

बाजारात जागोजागी ऑक्टोपसचे गरम गोळे भाजत होते. आमच्या सईने, म्हणजे माझ्या मुलीने, तोंड पोळून घेतलं. माईंनी तिच्या कागदी ताटलीतला उरलेला अर्धा गोळा उचलून खाल्ला, टाकायचा कशाला म्हणून. त्यांचं सगळं खाणं हे असंच, दुसऱ्याच्या ताटातून उरलेलं. मला तिथेच भांडावंसं वाटलं, पण कुणाशी ते कळेना.

जेवायच्या ठिकाणी दारातच एक मशीन होतं. पैसे घालायचे, हव्या त्या पदार्थाच्या फोटोचं बटण दाबायचं, चिठ्ठी येते ती आत द्यायची. माणशी एक चिठ्ठी, असं दारातल्या मुलीने वाकून वाकून सांगितलं. माई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "मला वेगळं नको, तुमच्यातलंच घेईन." ते इथे चालणार नव्हतं. आमच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि माई मशीनपुढे उभ्या राहिल्या. मागे रांग वाढली. नितीनने हात पुढे करून आमलेट-भाताचं बटण दाबायला घेतलं. म्हणाला, आईला काहीही चालतं.

माईंनी त्याचा हात बाजूला केला. मारल्यासारखा नाही, ताटावरची माशी उडवावी तसा.

"थांब. मी बघतेय."

सई हसून म्हणाली, "आजी, टेक युअर टाइम. हा मशीन कुठे नाही जात." मागची माणसं जपानी असल्यामुळे कुणी चकार शब्द काढला नाही. माईंनी सगळे फोटो वरपासून खालपर्यंत पाहिले आणि तळलेल्या मोठ्या कोळंबीचं बटण दाबलं.

भाऊजी म्हणाले, "अगं, ती कोळंबी आहे. तू कोळंबी खात नाहीस."

"तुझे बाबा खात नव्हते," माई म्हणाल्या. "त्यांना वास सहन व्हायचा नाही. मी माहेरी खायचे."

म्हणजे उभ्या संसारात त्या घरात कोळंबी शिजली नव्हती, आणि दोन शिकलेल्या मुलांनी त्याचा अर्थ आईला आवडत नाही असा लावला होता. मी पाणी प्यायले, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते.

ताट समोर आल्यावर भावांनी विषय काढला. भाऊजींनी फोनवर त्या वसाहतीचे फोटो दाखवले. बाग, डॉक्टर, भजनाचा हॉल. नितीन म्हणाला, तुझ्या वयाची माणसं भेटतील. माई एकेक कोळंबी शेपटीला धरून, सावकाश खात होत्या. ताटात काही उरलं नाही तेव्हा त्यांनी बोटं पुसली.

"मला नाही जायचं तिथे."

"आई, निदान विचार तरी कर," नितीन म्हणाला.

"केला."

"एकटी पडलीस-बिडलीस तर?"

"तर पडले असं कळवतील तुम्हाला कुणीतरी." मग भाऊजींकडे बघून म्हणाल्या, "आणि हे विचारायला जपानपर्यंत आणलंत होय? ठाण्याच्या घरी फोन आहे माझ्या."

सईला हसू फुटलं. भाऊजी बाहेर जाऊन उभे राहिले. परतीच्या ट्रेनमध्ये दोघे भाऊ वेगळे बसले आणि आपल्या मनाविरुद्ध झालं की पुरुष जसे दुखावल्यासारखे वागतात तसे वागत राहिले. माई माझ्याशेजारी बसल्या. मला म्हणाल्या, "जरा तेलकट होती, पण छान होती."

पुढच्या उन्हाळ्यात व्हिसाचं विचारायला मी फोन केला तर त्या म्हणाल्या, यंदा नाही येत गं, इथेच बरं वाटतंय. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मला त्यांची आठवण यायची. नितीन म्हणायचा, बघ, हट्टी झालीय आई. साधी होती ती एका जेवणात हट्टी झाली.

गेल्या वर्षी त्या गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. शेजारणीने कळवलं. भाऊजी दिवसांना आलेल्या प्रत्येकाला सांगत होते की आमचं ऐकलं असतं तर डॉक्टर हाताशी असता. झोपेत गेलेल्या बाईला डॉक्टरने काय केलं असतं, हे मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

शेजारीण म्हणाली, त्या दिवशी सकाळी माई नाक्यावरच्या शिंप्याशी भांडून आल्या होत्या. ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत सांगितली होती, तशी नव्हती, म्हणून त्यांनी ते त्याच्या अंगावर टाकून उसवायला लावलं होतं. घर आवरायच्या गडबडीत मी शिंप्याकडे जायला निघाले तर नितीन म्हणाला, आता काय करायचंय त्या ब्लाऊजचं? मी गेले. शिंप्याने ते नीट इस्त्री करून ठेवलं होतं. मी दुकानात उभी राहूनच घडी उलगडली आणि बाही बघितली. कोपरापर्यंत होती, त्यांनी सांगितली होती तशी.