दातवाल्यांच्या गाडीतला पत्र्याचा डबा

आमच्या गल्लीत कुजबुज होती, की दातवाल्यांनी थोरल्या बहिणीचा घरातला वाटा गिळला आणि ढेकरही दिली नाही. म्हणूनच म्हणे ताई चार वर्षं त्यांच्या दाराशी फिरकल्या नाहीत. ही बातमी चार घरं पुढे पोचवण्यात माझाही हातभार होता, खोटं कशाला बोलू!

दातवाले म्हणजे कवळ्या करणारे कारागीर. दवाखान्यांतून जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे, त्यांवर हे चिमट्यानं दात बसवायचे. घरी आले की तसाच चिमटा छंदाच्या चिमुकल्या आगगाडीवर चालायचा. इंजिन एकच, अमेरिकन, वाफेचं, वीतभर लांब, एकोणीसशे पाच सालच्या खऱ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल. त्यामागचे डबेही त्याच काळातले हवेत, हा हट्ट. लाकडी फळ्यांचे मालडबे, पोटाखाली आधाराच्या सळया, छपरावर चालायला फळी. एकेक डबा निवडायला सहा-सहा महिने लागायचे. एवढा विचार लोक जावई निवडताना करत नाहीत.

ताई शिवणकाम करायच्या. भाऊ कामावर असताना त्यांनी टेप लावून चाकांमधलं अंतर मोजलं, तीन दुकानं पालथी घातली आणि अशा छोट्या आगगाड्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी डबीतून एक डबा आणला. पत्र्याचा, तांबूस, सरकत्या दाराचा.

दातवाल्यांनी तो चिमट्यानं उचलला. "ताई, आजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातू कसा येईल? हा डबा तीस वर्षांनंतरचा!"

सगळे हसले. मी जरा जास्तच.

"अरे, पण इंजिन काय जन्मल्या वर्षीच मेलं?" ताई म्हणाल्या. "माझ्या लग्नातला कोट तू अजून घालतोसच की."

"तुला यातलं कळत नाही," म्हणत त्यांनी डबा लहान मुलांच्या खेळण्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ताईंनी तो तिथून उचलला, पिशवीत घातला आणि घरी गेल्या.

त्याच आठवड्यात, आपलंच खरं करायला, दातवाल्यांनी आगगाड्यांचं जाडजूड पुस्तक उघडलं. एका पानावरच्या फोटोत त्यांच्या इंजिनाच्याच जातीचं इंजिन होतं. चाळिशी ओलांडलेलं, काजळलेलं, जागोजागी ठिगळं लावलेलं, आणि मागे ओळीनं पत्र्याचे डबे. त्यांनी ते पान पुढच्या पानाला टाचण्यांनी टाचून टाकलं. कुणी पुस्तक मागितलं की "बांधणीला दिलंय."

चार वर्षांनी कामावर एक साचा आला. नाव नाही, नुसता नंबर. खाली पुढचे चारच दात उरलेले, त्यांतल्या एकाचा कोपरा उडालेला. लहानपणी ताईंना भिंतीवरून यांनीच ढकललं होतं, तेव्हाचा. बहिणीचे दात गेले आणि आपल्याला पत्ता नाही!

कवळी तयार झाल्यावर दवाखान्यातून परवानगी काढून ते स्वतःच घेऊन गेले. काखेत पुस्तक. ताईंनी तोंडावर हात धरूनच दार उघडलं. यांनी टाचण्या काढलेलं ते पान समोर धरलं.

शिवणारणीची नजर! फोटोआधी भोकं दिसली. "हे टाचलं होतंस?"

"हो."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

ताईंनी कवळी घेतली, आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. दातवाले दाराशीच उभे. बसा म्हणायला कुणी नव्हतं आणि आपणहून बसायचं तोंड नव्हतं.

"बसते नीट," आल्यावर ताई म्हणाल्या.

"आणि तो डबा?"

"टाचण्या ठेवल्यात त्यात. लागतात मला."

हे सगळं मला ताईंनीच सांगितलं, नव्या दातांनी, आणि सांगताना माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी चहा अर्धा सोडून उठलो.

वाट्याचं भांडण कधी नव्हतंच. घर भाड्याचं होतं. भावानं चारचौघांत बहिणीला चूक ठरवलं. ती बरोबर होती, आणि ते माहीत असून तो चार वर्षं गप्प बसला.