बरगडीखालची तीन

सोजराबाईच्या हाताला पोटातलं कळायचं. राहू गावच्या धनगरवस्तीवर मेंढरं होती, तेव्हा गाभण मेंढीच्या पोटावरून नुसता हात फिरवून ती कोकरं किती ते सांगायची. सहसा चुकत नसे. पुढं मेंढरं विकली, ऊस आला, आणि हाताचं ते काम सुटलं.

२००३ साली तिच्या नवऱ्याचं, गेणबाचं, पुण्यात आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. माणूस पार चिपाड होऊन घरी आला. सोजराबाईनं पदर खोचला. तूप, गूळ, शिरा, मटणाचा रस्सा. गेणबाही मुकाट्यानं खायचा. दोन वर्षांत सदऱ्याची बटणं लागेनाशी झाली. वस्तीवरच्या बायका म्हणत, "गेणबाआप्पांनी चांगलंच बाळसं धरलं की!" दुखणं गेल्याचा आणखी दाखला कुणाला हवा होता? ढेरीएवढी खात्री कुठला डॉक्टर देतो?

एका दुपारी गेणबा पोट डब्ब झालंय म्हणाला, म्हणून ती त्याच्या पोटाला एरंडेल चोळत होती. उजव्या बरगडीखाली हात थबकला. मऊ चरबीच्या आत काहीतरी टणक, गोल लागलं. जरा अलीकडं आणखी एक. बोटांनी सवयीनं मोजलं. तीन. कोकरांची डोकी लागावीत तशी. गेणबानं श्वास घेतला, की तिन्ही खाली सरकून तिच्या हाताला टेकायची. गेणबा डोळे मिटून निवांत पडला होता. गाल कसे भरलेले, तुकतुकीत.

दौंडला सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. "बाई, आतड्याचा आजार रक्तातून लिव्हरमध्ये गेलाय. वजन वाढून तिथं चरबी साठली होती. अशा लिव्हरमध्ये तो जास्त सहज रुजतो, असं दिसतं. पण तेवढ्यानंच झालं, असं कुणीच सांगू शकत नाही."

शेवटचं वाक्य तिच्या कानात शिरलंच नाही. दोन वर्षं आपण नवऱ्याला नाही, त्याच्या आतल्या त्या तिघांना जेवू घालत होतो, एवढंच तिला कळलं.

घरी येऊन ती चुलीपुढं नुसती बसून राहिली. गेणबा हळूच शेजारी टेकला, तसा तिचा बांध फुटला. "म्या घातलं तुमच्या पोटात. म्याच!"

"तुजा काय दोष?" गेणबा म्हणाला. "वरीस झालं, पुण्याच्या डाक्टरनं मला सांगितलं व्हतं. लिवर चरबीनं भरलंय, वजन उतरवा, न्हाईतर दुखणं तिथं बस्तान मांडंल."

तिनं पदरातून तोंड वर काढलं. "आन् तुमी बोलला न्हाई?"

गेणबानं चुलीत एक काटकी सारली.

"आपरेशन झाल्यापास्नं तू हसायचीच न्हाईस, सोजरा. मी पोटभर जेवलो, की हसायचीस. मग जेवत गेलो."