मोरचुदाचा थेंब

आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, स्टेनलेस स्टीलला चकाकी आणतात असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "कुठलं पॉलिश लावता हो?" तेवीस वर्षं हा प्रश्न ऐकून भाऊजी दमले. "लावत नाही, उतरवतो," एवढंच म्हणतात. ते खरंच आहे. तोटी गरम ॲसिडच्या हौदात टांगून वीज सोडली की तिचा खडबडीत पापुद्रा विरघळतो आणि आतलं लख्ख अंग वर येतं. मग दुसऱ्या हौदात नायट्रिकची अंघोळ. अंगाला चिकटलेले लोखंडाचे कण त्यात निघून जातात आणि पुढे गंज धरत नाही.

"तोटीचं आयुष्य वाढतं," ताई म्हणते, "आणि टांगणाऱ्याचं उतरतं."

भाऊजींची कंबर तर केव्हाच कामातून गेली होती. वाका, टांगा, काढा, धुवा. रबरी बुटांत पाय दिवसभर शिजत. त्यामुळे कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसणारे, सगळ्यांचे आजोबा, निवृत्त होणार हे कळल्यापासून भाऊजींचा सगळा जीव त्यांच्या खुर्चीत अडकला होता. शेवटी एका शनिवारी शेठ म्हणाले, "डेअरीच्या एकशे चाळीस तोट्या आज जातायत. आजोबा रजेवर आहेत, तपासणी तुम्हीच करा. नीट झाली तर सोमवारपासून खुर्ची तुमची."

तपासणी म्हणजे मोरचुदाचं, कॉपर सल्फेटचं, निळं पाणी. तोटीवर त्याचे थेंब सोडायचे, सहा मिनिटं ओलं ठेवायचं, धुवायचं. कुठे लोखंड राहिलं असेल तर तिथे तांबूस डाग उमटतो.

पहिल्याच तोटीवर उमटला. दुसरीवरही. पाचवी धुतल्यावर भाऊजींनी खिडकीत पडलेला ब्रश उचलून नीट पाहिला. स्टेनलेसला स्टेनलेसच्याच तारांचा ब्रश लागतो. साध्या लोखंडी ब्रशने घासलं, तर अंघोळ झालेल्या पोराला पुन्हा चिखलात बसवल्यासारखंच. दोन्ही ब्रश जुळ्या भावांसारखे, म्हणून लोखंडीच्या मुठीला लाल रंग मारलेला. तो रंग झिजला होता, आणि भाऊजीही. टांगायच्या आकड्यांनी तोट्यांवर पाडलेल्या खुणा घासताना सकाळी त्यांनी नेमका तोच उचलला होता.

दारातून टेम्पोवाला ओरडला, "काका, भरू का? आरशासारखा माल आहे. अजून काय बघताय, तोंड?"

दिसायला एकही तोटी वाईट नव्हती. गंज येणार तो दोन महिन्यांनी, डेअरीत, दुधाच्या वाटेवर. तोवर भाऊजी खुर्चीत लोणच्यासारखे मुरले असते. त्यांनी एक डाग अंगठ्याने चोळून पाहिला. मग "थांब रे बाबा," म्हणून ते शेठच्या खोलीत गेले.

"माल परत हौदात घालावा लागेल."

"कोणी बिघडवला?"

"मी."

"आणि सापडला कोणाला?"

"मलाच."

शेठनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आता तुम्हाला रागवू की शाबासकी देऊ?"

"आधी टेम्पो परत पाठवा. मग सावकाश ठरवा."

सावकाशच ठरलं. खुर्ची भाऊजींचीच, पण हौदावर त्यांच्या जागी धड माणूस मिळेपर्यंत थांबायचं. असा माणूस शेठ चार वर्षांपासून शोधतायत. मग एकशे चाळीस तोट्या पुन्हा नायट्रिकमध्ये गेल्या, पुन्हा धुतल्या, पुन्हा मोरचूद. एकीवरही डाग आला नाही. ते बघायला भाऊजींखेरीज कोणी नव्हतं.

संध्याकाळी ताईने ताट वाढून विचारलं, "काय झालं खुर्चीचं?"

"मिळाली," भाऊजी म्हणाले. "फक्त बसायचं राहिलंय."

ताई हसणार होती, पण तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. घास मोडायलाही तो उठत नव्हता. तिने भात स्वतःच कालवला आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं.